तूर वाळेपर्यंत

आमच्या घराला चाकं आहेत हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण घर कुठं हाय तुमचं?" पहिल्या वर्षी मी दर गावी वेगळं उत्तर द्यायची. कधी लातूर सांगायची, कधी माहेरचं उदगीर. एकदा तर हैदराबाद सांगून टाकलं, कारण लेक तिकडं दिली आहे. यजमानांना ते आवडायचं नाही. खोटं कशाला बोलायचं, म्हणायचे. मला ते खोटं वाटायचंच नाही. ज्या गावाचं नाव तोंडात यायचं, तिथं जावंसं त्या क्षणी खरंच वाटायचं.

लातूरला आम्ही दोन खोल्यांत बावीस वर्षं काढली. यजमान एका दाळमिलमध्ये मशीनवर होते आणि मी क्लासच्या पोरांची मेस चालवायची. पहाटे कणीक मळायला बसलं की दुपारी तीनला कंबर सरळ व्हायची, आणि पाचला पुन्हा पोळपाट समोर. पोरं दोन वर्षं राहायची, परीक्षा द्यायची, निघून जायची. जूनमध्ये नवी यायची. जाणाऱ्या पोरांच्या बॅगा जिन्यावरून खाली उतरताना मी लाटणं हातात धरून दारात उभी राहायची. खरं सांगायचं तर मला त्या बॅगांचा हेवा वाटायचा.

मग मिलमध्ये नवी मशिनरी आली आणि माणसं कमी लागायला लागली. यजमानांना काढलं नाही, पण पोती मोजायच्या कामाला लावलं. एकवीस वर्षं मशीनचा नुसता आवाज ऐकून दाळ कशी पडतेय ते सांगणारा माणूस दारात वही घेऊन बसला. सहा महिने त्यांनी सोसलं. एका रविवारी जेवताना म्हणाले की एका शाळेची जुनी मिनीबस विकायला आहे, मागच्या अर्ध्या भागात छोटी दाळमिल बसवता येईल, पुढं आपण राहू आणि गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना त्यांच्या दारात तुरीची दाळ करून देऊ. मला पटवायला त्यांनी बरंच बोलणं जुळवून आणलं असावं. मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, कधी निघायचं?

बस पिवळीच राहू दिली. आतल्या सीटा काढल्या. मधे प्लायवूडची भिंत, भिंतीमागं मशीन आणि मोटर, भिंतीपुढं एक दिवाण, गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम आणि देवाचा कोनाडा. यजमान रोज सकाळी अंघोळ करून दिवाणावर बसायचे, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. तेवढी पंधरा मिनिटं बस हलवायची नाही असा नियम होता. त्या पंधरा मिनिटांत मी बाहेर भांडी घासून, दोऱ्या गुंडाळून, चाकाखालचे दगड काढून तयार असायची.

हा धंदा मात्र माझ्या स्वभावाच्या नेमका उलटा निघाला. तुरीची दाळ घाईनं होत नाही. आधी तूर मशीनमधून एकदा काढून तिच्या सालीवर ओरखडे पाडायचे. मग तिला तेल-पाण्याचा हात लावायचा आणि रात्रभर ताडपत्रीखाली दडपून ठेवायची. मग दोन दिवस कडक ऊन. साल चांगली सुटली की पुन्हा मशीनमध्ये, तेव्हा कुठं दाळ पिवळीधमक फुटते. म्हणजे प्रत्येक गावी तीन-चार दिवस मुक्काम आलाच. पहिला दिवस मजेत जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे पाय शिवशिवायला लागायचे. तूर गच्चीवर पसरलेली असायची, तिच्याकडं बघण्यापलीकडं काम नसायचं, आणि मी दर अर्ध्या तासानं शिडी चढून दाणा दातांखाली धरायची.

"तू चावल्यानं ती लौकर वाळणार हाय का?" यजमान खालून विचारायचे. ते कुणाच्या तरी ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धा गाव त्यांच्या ओळखीचा झालेला असायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी गेली, सगळं त्यांना ठाऊक. मला त्या गावचं नावसुद्धा पुढच्या गावी आठवायचं नाही.

माझी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. ती भिंगरी बावीस वर्षं मेसच्या ओट्यापुढं एका जागी फिरत राहिली असेल. सुटल्यावर ती थांबायचं नाव घेईना.

दुसऱ्या वर्षी मी गाडी शिकले. भोकरला आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसतो तेव्हा मोकळं असतं. यजमान शेजारी बसायचे आणि मी त्या मैदानाला चकरा मारायची. सत्तेचाळीस वर्षांची बाई शाळेची पिवळी बस चालवतेय हे बघायला चहाच्या टपरीवरची माणसं उठून यायची. दोन महिन्यांनी नांदेडला जाऊन लायसन्स काढलं. तरी मोठ्या रस्त्यावर यजमान स्टिअरिंग देत नसत. गावच्या पांदीपुरती मी, डांबरी लागली की ते.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये भोकरच्या पलीकडं एका शेतात आमचा मुक्काम होता. शेत एका म्हाताऱ्या बाईचं. नवरा नव्हता, दोन्ही मुलं नांदेडला नोकरीला. दहा-बारा पोती तूर तिनं स्वतः उभं राहून काढून घेतली होती. गडी-माणसांवरही तीच ओरडायची. तिथं तीन दिवस आधीच झाले होते. तूर निम्मी फोडून झाली होती, निम्मी अजून उन्हात होती, आणि लाईटनं सतावलं होतं. कधी येईल, कधी जाईल नेम नाही. मला पुढं किनवटच्या बाजूला जायचं होतं. तिथं कुणी आमची वाट बघत नव्हतं. तिकडं आम्ही कधी गेलो नव्हतो, एवढंच.

दुपारी दाळ पडत असताना लाईट गेली. मोटर बंद पडली. आमच्यात ठरलेलं होतं की लाईट गेली की मोटरचं बटण मी बंद करायचं, कारण बटण पुढच्या बाजूला, भिंतीच्या माझ्या अंगाला होतं. यजमानांनी हा नियम मला पहिल्याच दिवशी शिकवला होता. त्या दुपारी लाईट गेली तेव्हा माझ्या मनात आलं की आता काही ती संध्याकाळपर्यंत येत नाही, तोवर आवराआवर करून घ्यावी. मी खाली उतरले, दोरीवरचे कपडे काढले, भांड्यांची पेटी बांधायला घेतली. मागं यजमान मशीनचा सैल झालेला पट्टा बसवत होते.

लाईट पाच मिनिटांत आली.

ते ओरडले नाहीत. मशीनचा आवाज बदलला तो मला ऐकू आला. मी धावत आत जाऊन बटण बंद केलं आणि मागं गेले. ते पोत्यांवर बसले होते आणि डावा हात उजव्या हातात धरला होता. बोटं कुठली नि रक्त कुठलं ते कळेना. म्हातारीनं आपल्या नेसूच्या लुगड्याचा पदर टरकावला आणि हात करकचून बांधला.

"चालव," यजमान म्हणाले.

ती पन्नासेक किलोमीटर मी कशी चालवली ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. एक ट्रक मागून हॉर्न वाजवत होता. भोकरच्या चौकात गाडी बंद पडली. मुदखेडच्या फाटकाशी रेल्वे जात होती आणि मी ओठ चावत बसले होते. शेजारी यजमान डोळे मिटून "तिसरा टाक… आता दुसरा…" असं पुटपुटत होते. नांदेडच्या दवाखान्यात चिरडलेली दोन्ही बोटं वाचली, पण ती आता वाकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. मनगटापर्यंत प्लास्टर बसलं.

बटणाचं मी बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही. डॉक्टरांना ते म्हणाले, लाईट अचानक आली.

मुदखेडला त्यांची चुलत बहीण राहते. तिच्या घराशेजारी मोकळी जागा होती, तिथं बस लावली. हात बरा होईस्तोवर इथंच थांबा, असा तिनं हट्टच धरला. नणंद मोठ्या मनाची. रोज दोन्ही वेळचं ताट घरी वाढायची. यजमानांनी तिथं आठ दिवसांत मूळ धरलं. सकाळी स्टेशनकडं चहाला, दुपारी फुलांच्या शेतकऱ्यांशी गप्पा, संध्याकाळी नणंदेच्या नवऱ्याबरोबर देवळात. त्यांचा चेहरा भरला. मी मात्र वाळत चालले. मुदखेड जंक्शन आहे. एक गाडी नांदेडकडं जाते, एक निजामाबादकडं, एक भोकरवरून आदिलाबादकडं. दिवसभर कुठल्या ना कुठल्या गाडीची शिट्टी यायची आणि प्रत्येक शिट्टीला मी हातातलं काम टाकून उभी राहायची. नणंद विचारायची, काय झालं वैनी? मी म्हणायची, काही नाही.

सगळ्यात वाईट सकाळी व्हायचं. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं आणि त्यांचा तळहात प्लास्टरमध्ये होता. ते प्लास्टरवर एक धुतलेला रुमाल अंथरायचे, त्यावर लिंग ठेवायचे आणि ते घरंगळू नये म्हणून उजवा हात खाली आडवा धरायचे. मग बेलपान वाहायला हातच उरायचा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पान वाहिलं. मग रोजच वाहायला लागले. पंधरा मिनिटं त्या हातासमोर बसून राहणं म्हणजे काय, ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. पूजा झाली की मी उठून रुळांच्या कडेनं भराभर चालत सुटायची, घाम फुटेपर्यंत.

तीन आठवड्यांनी नणंद भाजी निवडता निवडता म्हणाली, बरं झालं बाई, तुम्ही आता इथलेच झालात. मला अर्थ लागेना. मग कळलं की यजमानांनी रस्त्याकडची एक पत्र्याची शेड बघितली होती आणि मालकाला हो म्हणून आले होते. मशीन तिथं बसवायचं. शेतकरी तूर घेऊन येतील, आपण एका जागी बसू.

मी बसमध्ये गेले. ते दिवाणावर पडले होते.

"मला विचारलं न्हाई तुम्ही."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"मग?"

ते उठून बसले. "मी आता गाडी चालवू शकत न्हाई. मशीनवर एका हातानं किती काम करू? कुठंतरी थांबावंच लागतंय का न्हाई माणसाला? तू काहून इतकी पळून राहिलीस? कुणी मागं लागलंय का तुझ्या?"

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, म्हातारीची तूर अर्धी पडून आहे. ते म्हणाले, हात बरा झाल्यावर बघू. पण म्हातारीचे दोन फोन येऊन गेले होते. वाळलेली तूर तिनं पोत्यांत भरून ठेवली होती आणि पुढं पाऊस लागला तर ती साल पुन्हा धरील अशी तिला फिकर होती. मी म्हटलं, मी जाते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आडवे झाले. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मी त्यांची पिशवी नणंदेच्या घरात नेऊन ठेवली आणि निघाले.

म्हातारी शेताच्या तोंडाशीच उभी होती. मला एकटीला उतरलेली बघून तिनं गाडीमागं जाऊन डोकावलं.

"मालक कुठं हाय?"

"मुदखेडला. मीच करणार."

"येतंय का तुला?"

येत होतं, आणि नव्हतंही. तीन वर्षं मी तूर ओतायची, दाळ भरायची, चाळण बदलायची. पण दगडी रूळ किती जवळ आणायचा, आवाज कसा बदलला की दाळ जळायला लागते, ते त्यांचं काम. पहिलं पोतं मी बिघडवलं. निम्मी दाळ तुकडा झाली. म्हातारीनं मूठभर उचलून फुंकर मारली, आणि ती माझ्या हातात देऊन निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी रूळ सैल केला. पुन्हा काढलं. आता साल तशीच राहिली. मग मी डोळे मिटून उभी राहिले आणि ते जसं ऐकायचे तसं ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही, पण जरा थांबल्यामुळं हात हलका झाला. चौथ्या पोत्याला दाळ नीट पडायला लागली.

लाईट दिवसात चार वेळा गेली. चारही वेळा मी बटण बंद केलं, मग उतरून म्हातारीच्या घरातल्या भिंतीवरचं बोर्डाचं बटण बंद केलं, मग पुन्हा येऊन पहिलं बघितलं. तिसऱ्या वेळी म्हातारी म्हणाली, "बस कर माय. आता ते काय वाघ हाय का?" आणि मला रडू आलं. मी पोत्यांमागं जाऊन रडले. ती आली नाही, तेही बरंच झालं.

दोन दिवसांत तूर संपली. पोती शिवून झाल्यावर म्हातारीनं नव्या दाळीचं वरण केलं, वर कच्चं तेल नि तिखट. एक घास खाऊन म्हणाली, "दाळ शिजती चांगली. पहिलं पोतं म्हशीला घालते." तिच्याकडून याहून जास्त मिळणार नव्हतं.

मी निघाले ते मुदखेडला जायला. भोकरच्या चौकात डावीकडं मुदखेड होतं. मी उजवीकडं वळले. ठरवून वळले नाही, पण चुकूनही नाही. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना पळसाची फुलं गळून पडली होती आणि झाडं उघडी होती. पहिला तास बरं वाटलं. काच खाली, वारा तोंडावर, मागं रिकामं मशीन खडखडतंय. मग ते बरं वाटणं कमी कमी होत गेलं. गावं येत गेली, मागं जात गेली. पाय शिवशिवत होतेच. गाडी पळत असूनही शिवशिवत होते. तेव्हा मात्र मला भीती वाटली. आजवर मी समजत होते की थांबल्यामुळं असं होतं.

एका फाट्यावर सागाच्या झाडाखाली गाडी लावली. दुपारची वेळ. शेजारी एक बाई कलिंगडं विकत बसली होती. ती आपल्या माणसाशी तेलुगूत बोलत होती. तेवढ्यात फोन वाजला.

यजमानांनी विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, झालं. विचारलं, कुठं हाईस? मी इकडं तिकडं बघितलं. पाटी नव्हती.

"ठाऊक न्हाई," मी म्हटलं.

त्यांच्याकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. म्हणजे ते स्टेशनजवळ उभे होते.

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी बटण मी बंद केलं नव्हतं. मी दोरीवरचे कपडे काढून राहिले होते. मला निघायची घाई होती."

"मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. तू खाली कपडे काढत होतीस ते मला मागच्या दारातून दिसत होतं. मग मीबी म्हणायला पाह्यजे होतं का न्हाई, बटण बघ म्हणून? मीबी न्हाई म्हणलो. एवढं पोटात घेऊन फिरून राहिली होतीस?"

कलिंगडवाली माझ्याकडं बघत होती. तिनं एक फोड कापली आणि काही न विचारता माझ्या पुढ्यात धरली. मी एका हातात फोन आणि एका हातात फोड घेऊन तशीच उभी राहिले.

"जायाचं तर जा तू पुढं," ते शेवटी म्हणाले. "मी काय धरून ठेवत न्हाई. पण सांगून जा. हितं बसून माणसानं कुठल्या दिशेला बघावं?"

मी तो रस्ता पुढं किती जातो ते बघितलं नाही. कलिंगड खाल्लं, हात धुतले, गाडी वळवली. मुदखेडला पोचले तेव्हा ते नणंदेच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून ते आधी मशीन बघायला मागं गेले. रूळ कुणी सैल केला म्हणाले. मी म्हटलं, मी. एकच हात लावून त्यांनी तो थोडा आवळला.

शेडचं आमचं भांडण त्यानंतरही महिनाभर चाललं. दोघंही मन मोकळं झाल्यामुळं जास्तच जोरात भांडलो. शेवटी असं ठरलं की पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा ऊनच नसतं आणि दाळ होत नाही, तेव्हा शेडमध्ये राहायचं. बाकीचे दिवस गाडी. तो पहिला पावसाळा मी कसाबसा काढला. यजमान शेडमध्ये खाट टाकून झोपायचे. मी दारात लावलेल्या बसमध्ये झोपायची, कारण शेडच्या भिंती मला सोसवेनात. नणंदेला आधी वाटलं, आमचं बिनसलं. सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये जायची, कधी ते छत्री धरून बसमध्ये यायचे. त्या चार महिन्यांत मी सात वेळा एसटीनं कुठं ना कुठं जाऊन आले. प्रत्येक वेळी सांगून गेले. एकदा लातूरला जुन्या मेसच्या जिन्यापर्यंत गेले आणि वर न जाता परत आले.

आता पाचवं वर्ष चालू आहे. गाडी मी चालवते, मोठ्या रस्त्यावरही. मशीन ते बघतात. वाकत नसलेली दोन बोटं त्यांना फारशी आड येत नाहीत. पूजेच्या वेळी लिंग तळहातावर नीट बसतं, पण बेलपान अजून मीच वाहते. कुणी बंद कर म्हणालं नाही, म्हणून चालू राहिलं.

पाय शिवशिवायचे थांबले असं मी म्हणणार नाही. कालच औशाच्या बाजूच्या एका गावात आमचा तिसरा दिवस होता. पोती बांधून झाली होती, गाडीत सगळं लागलं होतं, मी स्टिअरिंगवर बसले होते आणि यजमान अजून एका ओट्यावर कुणाच्या जावयाची गोष्ट ऐकत होते. मी हॉर्न वाजवला. त्यांनी हात वर केला, म्हणजे दहा मिनिटं. दहाची वीस झाली. मग मी किल्ली काढून खिडकीशी ठेवली, खाली उतरले आणि ओट्यावर जाऊन त्यांच्या शेजारी बसले. जावयाची गोष्ट अर्धी झाली होती. मला ती पहिल्यापासून सांगा म्हटलं.